साखरेला फुलाचं बटण

मास्तरांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याच्या गळ्यात एक बटण बांधलेलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा चळला. ज्याला असं वाटेल त्यानं एकदा डोळ्यांवर फडकं बांधून स्वतःच्याच घरात कपभर चहा करून बघावा आणि मग तोंड उघडावं.

चहाच्या डब्याला ओव्हरकोटाचं बटण होतं, जाडजूड, अंगठ्याखाली मावणार नाही असं. मिठाला शर्टाचं साधं, चार भोकांचं. तांदळाला कापड मढवलेलं, मऊ. तिखटाला बटणाऐवजी हूक, कारण तिखट झोंबतं आणि हूक टोचतो, तेव्हा घोळ व्हायची सोयच नाही. आणि साखरेला पाच पाकळ्यांचं, फुलाच्या आकाराचं एक बटण. ते मास्तरांनी हजारएक बटणांतून बोटांनी चाचपत, अख्खी दुपार घालवून शोधून काढलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. बेचाळीस वर्षं खाली दुकान आणि वर घर. अर्धं गाव त्यांच्या हातच्या पाटलोणी घालून लग्नाला उभं राहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी सुईत दोरा जाईनासा झाला. मास्तरांनी आधी सुईला शिव्या दिल्या, मग दोऱ्याला, मग दिव्याला. शिव्या द्यायला कुणी उरलं नाही तेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथं डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेची नजर राहील, मधली आता येणार नाही.

याचा अर्थ मास्तरांना घरी आल्यावर कळला. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं. दाराकडे बघितलं की दार गायब, शेजारची खुंटी हजर. खुंटीकडे बघावं तर खुंटी गायब आणि दार परत जागेवर. जिथं बघायचं तिथं एक करडा डाग, कापडावर तेल सांडल्यासारखा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर. मास्तर त्या डागासकट घरात एकटे.

मग अखेर चार महिन्यांपूर्वी दवाखान्यानं एक बाई पाठवली. तिचं कामच ते होतं. नजर अधू झालेल्यांच्या घरी जायचं आणि त्यांना त्यांच्याच घरात नव्यानं राहायला शिकवायचं. पहिल्या दिवशी तिनं पिशवीतून नारिंगी, फुगीर, चिकट ठिपके काढले आणि एक शेगडीच्या चावीवर, एक दिव्याच्या खटक्यावर, एक घड्याळाच्या बारावर असे लावत सुटली. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं ठिपकेवाली. तिच्या तोंडावरच ठेवलं. ती रागावली नाही. रागवायला तिच्याकडे दुसरी कारणं होती.

“काठी कुठंय, मास्तर?”

“आहे की. दाराआड.”

“दाराआड तिला काय दिसणार?”

पांढरी काठी हातात घेणं म्हणजे गल्लीत दवंडी पिटणं, असं मास्तरांचं मत होतं. दोन महिने त्यांनी ते जपलं. तिसऱ्या महिन्यात ते उघड्या गटारात एका पायानं उतरले आणि मत बदललं. हळूहळू बाकीचंही जमत गेलं. जिन्याच्या कडांना पिवळी पट्टी लागली. बटाटे काळ्या फळीवर चिरायचे आणि चहा पांढऱ्या कपात ओतायचा, म्हणजे कडेच्या नजरेला कुठं काय आहे ते कळतं. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापर्यंत दोनशे बारा पावलं. डब्यांवरचे ठिपके मात्र धुताना निघायचे. तेव्हा मास्तर म्हणाले, “बाई, जन्मभर बटणं लावली, आता डब्यांना लावतो.” ठिपकेवालीला ही युक्ती इतकी आवडली की ती आणखी चार घरांत सांगून आली.

एक गोष्ट तेवढी बरेच दिवस अडली होती.

“माझ्याकडे बघू नका, मास्तर,” ठिपकेवाली म्हणायची.

“बोलणाऱ्याकडे बघायचं नाही? वा! माझी आई असती तर कान उपटला असता.”

“माझा चेहरा म्हणजे घड्याळ समजा. मधे बघितलंत तर मी नाहीच. दोनच्या आकड्याकडे बघा. माझ्या कानाच्या जरा वर, पलीकडे. आता?”

मास्तरांनी नजर सरकवली. डाग बाजूला झाला आणि कडेला काहीतरी लाल उगवलं.

“तुमचा चष्मा लाल आहे.”

“पहिल्या दिवसापासून लाल आहे,” ठिपकेवाली म्हणाली, पण तिचा आवाज जरा ओला झाला होता.

तर दोनच्या आकड्यावर बघणं त्यांना जमायला लागलं. पण ते त्यांनी वस्तूंपुरतं ठेवलं. भांडी, पायऱ्या, कठडे. माणसाशी बोलताना दुसरीकडे तोंड करायला त्यांचं मन घेईना. बेचाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून ‘शनिवारी नक्की’ असं खोटं सांगितलेला माणूस. सवय अशी जाते होय?

आणि लेकीला यातलं त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

लेकीला ते टाचणी म्हणत. लहानपणी अंगानं बारीक आणि बोलायला लागली की टोचणारी, म्हणून. आता ती पंचेचाळिशीला आली होती, बालवाडीत शिकवत होती, एका मुलीची आई होती, पण टाचणीच. फोनवर मास्तर तिला एवढंच म्हणाले होते, की नजर जरा अंधुक झालीय. तिनं नातीचे फोटो पाठवले की ‘वा, नाक अगदी तुझं गं’ असं म्हणून मोकळे व्हायचे. पण दवाखान्याची एक चिठ्ठी चुकून तिच्या पत्त्यावर गेली आणि तिचा फोन आला.

“बाबा, मी येतेय. आठ दिवस राहणार. तुमचं एकट्याचं नीट चाललंय असं दिसलं तर मी चकार शब्द काढणार नाही. नाही दिसलं तर बॅग भरायची आणि माझ्याबरोबर यायचं. कबूल?”

“कबूल,” मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीत बसून राहिले.

लेकीकडे काही वाईट नव्हतं. जावई भला माणूस, खोली उजेडाची, दोन वेळचं गरम जेवण. चार वर्षांपूर्वी, नजर शाबूत असताना, ते पंधरा दिवस राहून आले होते. पाण्याला उठले की ‘बसा बाबा, मी देते.’ कप विसळायला घेतला की ‘असू द्या बाबा.’ पंधराव्या दिवशी मास्तरांच्या लक्षात आलं की आपण हात मांडीवर ठेवून बसायला शिकलोय. ज्या हातांनी आयुष्य काढलं ते हात असे मांडीवर पडलेले. त्यांना त्या हातांची भीती वाटली. आणि आता डोळेही गेलेले. या खेपेला गेलो तर उठायचं कारणच उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

टाचणी संध्याकाळी आली. दारातच थांबली. मास्तरांनी तिच्याकडे सरळ, प्रेमानं बघितलं आणि म्हणाले, “ये गं. दमलीस?” ती जरा वेळ तशीच उभी होती, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. मग आत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी ठरवलं, हिला दाखवूनच देऊ. काठी घेतली, टोपी घातली आणि “पाव घेऊन येतो, तू बस,” असं म्हणून निघाले. दोनशे बारा पावलं गेले, पाव घेतला, दुकानदाराशी हवेवर दोन वाक्यं बोलले, दोनशे बारा पावलं परत. जिना चढताना स्वारी खुशीत होती. पहिलाच दिवस आणि पहिलाच डाव आपला.

“बाबा, थांबा! आत येऊ नका! हं, आता या.”

ते स्वयंपाकघरात गेले. फळीवर काहीतरी पांढरं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं पांढरं.

“बारा बरण्या,” टाचणी म्हणाली. “सगळ्या सारख्या, फिरकीच्या झाकणाच्या. तुमचे ते जुने डबे कसे झाले होते, बाबा! तेलकट, आणि चक्क बटणं लोंबत होती त्यांना. घर कसं हाताबाहेर जातं बघा एकट्या माणसाचं. आता वाचा बघू. ही अक्षरं मी स्वतः काढलीत. शाळा सुटल्यावर महिनाभर रोज बसत होते. एवढी मोठी, एवढी काळी, की माझी बालवाडीतली पोरंसुद्धा मागच्या बाकावरून वाचतील.”

मास्तरांनी पहिल्या बरणीकडे बघितलं. करडा डाग. बाजूला बघितलं, तर पांढऱ्यावर काळं काहीतरी वळवळलं आणि विरलं. मोठं अक्षर म्हणजे मोठा डाग, एवढंच. त्यांनी सांगायला तोंड उघडलंही. पण टाचणीच्या आवाजात एक आवाज होता, पाटी पुढं धरून ‘बाबा, बरोबर आहे?’ विचारणारा. तो त्यांनी चाळीस वर्षांनी ऐकला.

“वा!” मास्तर म्हणाले. “ठसठशीत! लांबूनसुद्धा लख्ख वाचता येतंय.”

झालं. शनिवारी नक्की.

“आणि... ती बटणं?” जरा वेळानं त्यांनी विचारलं.

“तुमच्या बटणांच्या डब्यात टाकली. या घरात बटण फेकायचं नाही, एवढं आहे हो माझ्या लक्षात.”

पुढचे तीन दिवस मास्तरांनी जे काही केलं त्याला हिंमत म्हणावं की मूर्खपणा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. त्यांनी बरण्यांच्या जागा पाठ केल्या. डावीकडून पहिली चहा, दुसरी साखर, तिसरी मीठ. पण टाचणी पडली टापटिपीची. रोज संध्याकाळी सगळ्या बरण्या खाली काढून फळी पुसायची आणि हाताला येतील तशा परत मांडायची. तिला काय त्याचं? नावं लिहिलेली होती ना! बोट बुडवून चाखावं, तर ती कायम पाठीशी उभी, आणि उष्ट्याचा तिला लहानपणापासून तिटकारा. झाकण उघडून वास घ्यावा, तर साखरेला वास नाही आणि मिठालाही नाही.

पहिल्या दिवशी चहा खारट झाला. मास्तर म्हणाले, घशाला बरा असतो. दुसऱ्या दिवशी अंडी गोड झाली. मास्तर म्हणाले, एकदा खाऊन तर बघ. टाचणी हसली, पण हसू आखूड होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बटाटे केले. हा त्यांचा हुकमाचा पत्ता होता. काळ्या फळीवर एकसारख्या फोडी केल्या, बोटं आत वळवून, ठिपकेवालीनं शिकवलं होतं तसं. शेगडीची चावी नारिंगी ठिपक्यावरून मंद केली. टाचणी बघत होती आणि तिला काही बोलायला जागा मिळत नव्हती, हे मास्तरांना तिच्या गप्प राहण्यावरून समजत होतं. मग त्यांनी डावीकडून तिसरी बरणी उघडली आणि चमचाभर मीठ टाकलं.

आता, बरण्या होत्या बारा आणि घरात जिन्नस अकरा. बारावी रिकामी कशाला ठेवायची, म्हणून टाचणीनं तिच्यात कपडे धुण्याची पावडर भरली होती. वर छान मोठ्या अक्षरांत तसं लिहिलंही होतं.

कढईत फेस आला. टाचणीनं झटकन शेगडी बंद केली आणि कढई उचलली. बटाटे कचऱ्याच्या डब्यात पडल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला. ती एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं जिन्यावरून तिचा फोनवरचा आवाज आला, दबलेला. “नाही हो. नाही जमत त्यांना. समोर एवढं लिहिलेलं वाचता येत नाहीये की वाचूनही लक्षात राहत नाहीये, तेच कळेना. मला भीती वाटतेय. घेऊनच येते. मागची खोली रिकामी करून ठेवा.”

मास्तर खुर्चीत बसले होते. हात मांडीवर होते.

दुसऱ्या दिवशी ठिपकेवाली यायची होती, तशी ती आली. टाचणी तेव्हा मास्तरांसाठी मोठी बॅग आणायला बाजारात गेली होती. ठिपकेवाली स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर आली ती तणतणत.

“बटणं कुठं गेली?”

मास्तरांनी सगळं सांगितलं. खारट चहा, गोड अंडी, फेसाळ बटाटे, मागची खोली.

“आणि तुम्ही तिला सांगितलं नाहीत?”

“पोरीनं महिनाभर बसून अक्षरं काढली, बाई. तिच्या हौसेवर पाणी कसं ओतू?”

“मग तिच्या हौसेपायी धुण्याची पावडर खा!” ठिपकेवालीनं पिशवी टेबलावर आपटली. “चार महिने मी जिना शिकवला, रस्ता शिकवला, सुरी शिकवली. पण पहिला धडा तुम्ही अजून गिरवलेलाच नाही.”

“कोणता?”

“‘मला हे दिसत नाही’ असं म्हणायचा.”

मास्तरांनी टेबलावरची पिशवी चाचपून सरळ ठेवली.

“तुम्हीच सांगा ना तिला,” शेवटी ते म्हणाले. “तुमचं ऐकेल. दवाखान्याच्या तुम्ही.”

“मी नाही सांगणार. मी सांगितलं तर तिला वाटेल, बाबांचं आता दुसऱ्यांनी बोलावं लागतं. आणि मग तिनं तुम्हाला नेलं, तर मी तिला चूक म्हणणार नाही.” ती दारापर्यंत गेली, परत आली आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “कपडा आत उसवला असेल तर वरून इस्त्री करून भागतं का, मास्तर? तुम्हाला मी काय सांगायचं?”

ती गेली. टाचणी आली. बॅगेची चेन उघडून मिटून बघितल्याचा आवाज झाला. दुपार होती, खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. टाचणी टेबलाशी समोर बसली. मास्तरांनी सवयीनं तिच्याकडे सरळ बघितलं. करडा डाग.

“टाचणे, एक सांगायचंय.”

“मलाही. पण तुम्ही बोला आधी.”

“त्या तुझ्या बरण्या...”

“आवडल्या ना?”

“फार. फक्त मला त्या वाचता येत नाहीत.”

“अक्षरं आणखी मोठी हवीत का? करते की.”

“दाराएवढं अक्षर काढलंस तरी नाही यायचं.” सुटलेला दोरा आता पुरता ओढायलाच हवा होता. “अंधुक नाही गं, मधलं दिसतच नाही. जिथं बघतो तेच नसतं. त्या बटणांवरून ओळखत होतो मी डबे. घर हाताबाहेर गेलं नव्हतं, टाचणे. घर हातातच होतं.”

टाचणीची खुर्ची मागं सरकली. 

“पण तुम्ही म्हणालात, लख्ख वाचता येतंय.”

“खोटं बोललो.”

“आणि फोटो? नाक माझं आहे म्हणालात!”

“आपल्याकडे सगळ्यांना तेच नाक आहे. चुकायची भीती नव्हती.”

तिच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते तिलाही ठरवता आलं नसेल. मग तिनं हळू विचारलं, “आणि मी? मी दिसते ना तुम्हाला?”

याच प्रश्नाला मास्तर तीन वर्षं भीत होते.

“तुझ्याकडे बघितलं की तू नसतेस,” ते म्हणाले.

टाचणी रडायला लागली. रडता रडता म्हणाली, “आले त्या दिवशी मी दारात थांबले होते. मला वाटलं, तुम्ही काहीतरी म्हणाल. माझ्या परकराचा दोन बोटं निघालेला दोरा जिन्यावरून बघणारे तुम्ही. या वेळी काहीच नाही. चार दिवस वाट बघितली. वाटलं, बाबांचं मन उडालं आपल्यावरून, किंवा बाबांचं डोकं राहिलं नाही.”

“काय म्हणायला हवं होतं मी?”

ती सांगेना. मास्तरांना ठिपकेवालीचा आवाज आठवला, आणि आपल्या आईचाही. आईची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली आणि लेकीच्या तोंडावरून नजर काढली. दोनच्या आकड्याकडे, तिच्या कानाच्या वर, खिडकीच्या कडीवर नेली. डाग सरकला. ऊन आधी आलं. मग त्या उन्हात कडेला एक खांदा आला, एक गाल, आणि गालाच्या वर, जिथं कायम लांबलचक काळी वेणी असायची तिथं, आखूड, कानापर्यंतचं, पांढरं काहीतरी.

“केस कापलेस,” मास्तर म्हणाले.

टाचणीचा हात कानापाशी गेला.

“पांढरेही झाले.”

“आठ महिने झाले, बाबा. फोनवर रोज दाखवत होते की.”

मास्तर कडीकडेच बघत राहिले, कारण नजर हलवली तर ती परत जाणार होती. सहा वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा या पोरीच्या डोक्यावर एक पांढरा केस नव्हता. ती म्हातारी व्हायला लागली होती आणि ते त्यांनी भिडेपोटी बघितलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

“सुरेख दिसतंय,” ते म्हणाले. “मानेपाशी डाव्या बाजूला जरा खाली उतरलंय. तेवढं सरळ करून घे.”

टाचणी हुंदका देता देता खळखळून हसली. उठली, आत गेली आणि बटणांचा मोठा डबा घेऊन आली. टेबलावर उपडा केला तसा बेचाळीस वर्षांचा ढीग खळाळत पसरला.

“शिकवा मला,” ती म्हणाली. “कशाला काय ते.”

मास्तरांनी बाह्या सारल्या. हात ढिगात घातला आणि बोटं चालायला लागली. ओव्हरकोटाचं मिनिटभरात निघालं, चहा. चार भोकांचं, मीठ. हूक सापडला तो अंगठ्यात घुसूनच, तिखट. टाचणी एकेक बरणी पुढं करायची आणि दोरा गुंडाळून गाठ मारायची. अक्षरांच्या चिठ्ठ्या मास्तरांनी काढू दिल्या नाहीत. पाहुण्यांना लागतील म्हणाले. बाराव्या बरणीतली पावडर तिनं स्वतः ओतून काढली आणि मोरीत नेऊन ठेवली, पुन्हा पुन्हा ‘काय ही मी!’ असं म्हणत.

शेवटी फुलाचं राहिलं. त्याला वेळ लागला. मास्तरांची बोटं दोनदा पुढं गेली, परत आली, थांबली.

“हे घे. साखर.”

टाचणीनं ते हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं.

“बाबा, हे माझ्या निळ्या फ्रॉकचं आहे. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या.”

“पाच होती. चार तू शाळेत हरवलीस.”

“जन्मभर मला टाचणी म्हटलंत आणि साखरेला माझं बटण?”

“मग साखरेला दुसऱ्या कुणाचं लावू?” मास्तर म्हणाले.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला फोन केला, मास्तरांच्या समोर बसून. खोली रिकामी करू नका म्हणाली. नाही, हट्ट नाही, जमतं त्यांना, घोळ मीच घातला होता. उरलेले तीन दिवस ती स्वयंपाकघरात हाताची घडी घालून स्टुलावर बसली. मास्तर पाण्याला उठले की तीही अर्धी उठायची आणि परत बसायची. स्टूल करकरायचं. मास्तरांना ते ऐकू यायचं आणि त्यांना तिचं कौतुक वाटायचं, कारण त्या घरात त्या तीन दिवसांत सगळ्यात अवघड काम तीच करत होती. बटाटे झाले. मीठ मिठाच्या जागी होतं. तिनं दोनदा घेतले.

“फोनवर एक अट,” ती म्हणाली. “जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणायचं. शनिवारी नक्की चालणार नाही.”

“कबूल,” मास्तर म्हणाले, आणि या वेळी फोन ठेवायचा नव्हता.

आठव्या दिवशी नवीकोरी रिकामी बॅग माळ्यावर गेली. मास्तर तिला पोचवायला निघाले. काठी उघडपणे हातात. पावाच्या दुकानापर्यंत दोनशे बारा आणि तिथून बसथांब्यापर्यंत आणखी नव्वद. टाचणी एक पाऊल मागून चालली, हात न धरता. गटारापाशी तिनं श्वास रोखला, काठीनं गटार शोधलं, मास्तर वळसा घालून पुढं गेले.

बस आली. टाचणी चढली आणि खिडकीशी बसली. मास्तर फुटपाथवर उभे राहिले. त्यांनी आधी खिडकी कुठं आहे ते काचेवर काठीचं टोक हळूच टेकवून बघून घेतलं. मग मान जरा वळवली आणि नजर खिडकीच्या वर, पलीकडे, दिव्याच्या खांबाकडे लावली. हात वर केला आणि हलवायला लागले. तोंडभर हसत होते.

बसच्या दारात कंडक्टर उभा होता. त्याला राहवलं नाही.

“आजोबा,” तो ओरडला, “तुमची लेक इकडे आहे, खिडकीत! त्या खांबाला काय निरोप देताय?”

बस हलली. खिडकीतून आखूड पांढऱ्या केसांचं डोकं बाहेर आलं.

“असू द्या हो,” टाचणी म्हणाली. “ते माझ्याकडेच बघताहेत.”